जीभ वर करा

माखाउता दारात उभी राहिली की आजारी माणूस आधी तोंड उघडायचा आणि मग बोलायचा. सवयच तिने तशी लावून ठेवली होती. गोळ्या हातावर, पाण्याचा पेला दुसऱ्या हातात, गिळून झालं की “जीभ वर करा, आता गाल दाखवा.” समाधान झालं तर कार्डावर बरोबरची खूण, नाही झालं तर पुन्हा पाणी. बारा वर्षं ही बाई आमच्या हा-मोसोले गावात क्षयाच्या गोळ्या गिळवत फिरली. गाव डोंगरात, दवाखाना अडीच तासांच्या चालीवर, तोही नदीला पाणी बेताचं असलं तर. म्हणून दवाखान्याने गावातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून नेमली, तिच्या खांद्याला निळी पिशवी अडकवली आणि सांगितलं की रोज सकाळी जा, आणि डोळ्यांदेखत गिळायला लाव.

गोड बोलून काम करणारी बाई नव्हतीच ती. तोंडाने फटकळ, चालायची ती टाचा आपटत, आणि कुरकुर ऐकून घ्यायची नाही. अंगाला खाज सुटते, सांधे धरतात, अन्नावरची वासना गेलीय, लघवी लालभडक होते, असं कुणी म्हणालं की तिचं उत्तर ठरलेलं: “थडग्यात यातलं काहीच होत नाही. गिळा.” तिच्या धाकट्या बहिणीने उलट्या होतात म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या आणि हिवाळा संपायच्या आत ती गेली होती. तेव्हापासून माखाउताने मनाशी पक्कं धरलं होतं की त्रास होतो म्हणणारा माणूस पळवाट शोधत असतो. आणि खरंच, तिच्या हाताखालून गेलेली बरीच माणसं आज मेंढ्या राखतायत, शेत नांगरतायत. गाव तिला घाबरायचं आणि मानायचंही.

आता फाकिसोचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं.

फाकिसोने वीस वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत काढली आणि खोकला घेऊन तो परत आला. बायको वारलेली, लेक सासरी. क्षय एकदा बरा होऊन पुन्हा उलटलेला, म्हणून या वेळी आठ महिने क्षयाची चारही औषधं. दिवसा मेंढ्या, आणि उन्हं उतरली की पांढऱ्या झेंड्याचं घर. आमच्याकडे विकायला काही असलं की दारात उंच काठीला झेंडा लावतात. पांढरा म्हणजे ज्वारीची बिअर गाळलीय, लाल म्हणजे मटण कापलंय, हिरवा म्हणजे भाजी आहे. पलीकडच्या डोंगरावरून बघितलं तरी कळतं कुणाकडे जायचं ते.

पाचव्या महिन्यात एका सकाळी फाकिसोने गोळ्या गिळल्या, तोंड दाखवलं आणि म्हणाला, “म्मे माखाउता, चार दिवस झाले, डोळ्यांपुढे धुकं येतंय. मेंढीच्या कानावरची खूणसुद्धा दिसत नाही.”

म्मे म्हणजे आई. मान द्यायचा तर आमच्याकडे कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, आणि पुरुषाला न्ताते.

माखाउताने पिशवीचं तोंड आवळलं. “हे धुकं गोळीचं नाही, न्ताते. पांढऱ्या झेंड्याच्या घरचं आहे.”

एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण जिभेला हाड नाही. झऱ्यावर पाणी भरताना तिने हे बायकांना रंगवून सांगितलं, बायका पोट धरधरून हसल्या, आणि संध्याकाळपर्यंत गावात जो भेटेल तो फाकिसोला धुक्याची चौकशी करायला लागला. त्यानंतर फाकिसो त्या विषयावर बोलला नाही. रोज तोंड उघडायचा, जीभ वर करायचा. आठ महिन्यांनी क्षय बरा झाला. कार्डावर एक चौकोन रिकामा नव्हता, दवाखान्यात माखाउताचं कौतुक झालं. आणि फाकिसो स्वतःच्या उंबऱ्याला अडखळून पडायला लागला. पुढे काठी घेतली, मेंढ्या विकल्या, झऱ्याच्या वाटेवर उन्हाला बसायला लागला. लोक म्हणाले खाणीतला धूर, लोक म्हणाले कुणीतरी करणी केली. माखाउता म्हणाली, दारू.

पुढच्या वर्षी दवाखान्यात नवी नर्स आली, दिमाकात्सो नावाची. तिने सगळ्या गावांच्या आरोग्यसेविकांना बोलावून एकेका औषधाचे त्रास समजावून सांगितले. खाज कुठवर सोसायची, डोळे पिवळे दिसले तर काय करायचं, सगळं. मग ती म्हणाली की चौथं औषध कधी कधी डोळ्यांच्या नसेवर जातं. दर वेळी विचारा, कसं दिसतं, लाल-हिरवं ओळखू येतं का. कुणी धुकं म्हणाला की त्याच दिवशी इकडे धाडा. औषध वेळेत थांबवलं तर बहुतेकांची नजर परत येते, उशीर झाला तर येत नाही. बाकीच्या बायका वहीत लिहून घेत होत्या. माखाउताच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

तिने हे कुणाजवळ म्हणून बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक आजाऱ्याला डोळ्यांचं विचारायला मात्र लागली, दोन-दोनदा विचारायची, लोक कंटाळायचे. आणि झऱ्याला जायची खालची सपाट वाट सोडून वरच्या खडकाळ वाटेने जायला लागली. विचारलं तर म्हणायची, वरून ऊन चांगलं लागतं. कसलं ऊन लागतंय डोंबलाचं. खालच्या वाटेवर फाकिसो बसायचा.

दोन वर्षं अशीच गेली आणि मग खोकला तिलाच लागला.

बारा वर्षं क्षयाच्या घरांत शिरणाऱ्या बाईला तो लागला यात नवल नाही. थुंकी तपासली, त्यात एका औषधाला जंतू दाद देत नाहीत असं निघालं, म्हणून चारही औषधं शेवटपर्यंत घ्यायची ठरलं. तुम्हाला गोळ्या गिळवणार कोण, असं दिमाकात्सोने विचारलं. माखाउता म्हणाली, “माझी मीच.” नर्स हसली. तुमच्याइतकं कडक दुसरं कोण मिळणार, म्हणाली, आणि तसंच कागदावर लिहिलं गेलं. झालं. रोज सकाळी माखाउता भिंतीवरच्या आरशाच्या तुकड्यासमोर गोळ्या गिळायची, स्वतःलाच जीभ वर करून दाखवायची, स्वतःच्याच कार्डावर खूण करायची. बाकी सगळ्यांना डोळ्यांचं विचारणारी ही बाई स्वतःला तेवढं विचारायची नाही.

चौथ्या महिन्यात सुईत दोरा जाईना. वय झालं, तिने मनाशी म्हटलं. महिन्याच्या तपासणीला दिमाकात्सोने “डोळे?” एवढंच म्हणेपर्यंत ही “ठीक” म्हणून मोकळी. मग एके दिवशी ती भाजी आणायला निघाली. मासेचाबाच्या अंगणात काठीला झेंडा दिसला, ही आत गेली आणि म्हणाली, “अगं, दोन जुड्या दे, कोवळी बघून.”

मासेचाबा हातात सुरा घेऊन उभी होती आणि मागे आख्खी मेंढी टांगलेली. “जुड्या? बाई, माझ्या परकराएवढा लाल झेंडा लावलाय दारात, आणि तू भाजी मागतेस?”

मटणाला आलेल्या बायका हसल्या. माखाउताही हसली, म्हणाली गंमत केली, तुझं लक्ष आहे का बघत होते. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून थोडी कलेजी घेतली. बाहेर येऊन तिने मान वर करून झेंड्याकडे बघितलं. मातकट. शेजारच्या घरावर भाजीचा झेंडा होता, तोही मातकट. दोन्ही एकाच कापडातून फाडल्यासारखे. घर गाठेपर्यंत तिने कुणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

घरात येऊन तिने दार लावून घेतलं आणि शिवणाचा डबा उघडला. लाल रीळ आणि हिरवं रीळ. दारच्या फटीतल्या उन्हात धरली, खिडकीशी नेली, एक डोळा झाकला, मग दुसरा. हिरवं संपत आलेलं होतं म्हणून हाताला कळत होतं कुठलं कुठलं. डोळ्यांना कळत नव्हतं. ती खाली बसली.

कुणी म्हणेल, तेव्हाच का नाही गेली दवाखान्यात? तिला तर सगळं ठाऊक होतं, तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गोळी सोडावी म्हटलं की बहीण आठवायची, आणि गिळावी म्हटलं की फाकिसो. दवाखान्यात जाऊन धुकं म्हणायचं म्हणजे त्याचाच शब्द तोंडी घ्यायचा. मग नर्स विचारणार, गावात आधी कुणाला असं झालं होतं का? त्याचं उत्तर काय द्यायचं? आणि याच्याही तळाशी एक भीती होती, तिचं तर नावही ती घेत नव्हती: की हे आपल्याला मिळालेलं आहे, बरोबर मापून, आणि आता हे चुकवता येणार नाही.

ती गोळ्या गिळत राहिली. रोज सकाळी आधी दारात येऊन समोरचं शिखर दिसतं का बघायची. पहिल्या दिवशी कडा दिसल्या. चौथ्या दिवशी नुसता काळपट ढीग. सातव्या दिवशी आरशात बघितलं तर मधला चेहराच पुसलेला, दोन कान तेवढे दोन बाजूंना. ती किंचाळणार होती, पण तिने खांद्यावरच्या ब्लँकेटचं टोक दातांत धरलं. मग गोळ्या हातावर घेतल्या आणि गिळल्या. कार्डावरची खूण चौकोनाच्या बाहेर गेली.

नवव्या दिवशी वरच्या वाटेने जाणं काही शक्य नव्हतं. आदल्या दिवशी ती तिथे दोनदा पडली होती, गुडघा फुटला होता. पाणी तर हवंच. तिने पाण्याचा डबा घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खालच्या वाटेला लागली. फाकिसो तिथेच होता, ब्लँकेट पांघरून, तोंड उन्हाकडे. ती श्वास रोखून, पाय न वाजवता त्याच्या बाजूने निघाली.

“म्मे माखाउता,” तो म्हणाला. “थांबा.”

ती थांबली.

“तुम्ही टाचा आपटत चालायचात. अर्ध्या गावाला कळायचं कोण चाललंय ते,” फाकिसो म्हणाला. “टाच अजून तुमचीच, पण आता आधी पाऊल टेकवून बघता आणि मग भार टाकता. माझं त्या वर्षी असंच झालं होतं.”

तिने डबा छातीशी धरला.

“रंग गेले?”

“गेले.”

“किती दिवस?”

“नऊ.”

त्याने काठी जमिनीत रोवली आणि उठला. “डबा ठेवा तिथे. चला. वाट मला पायांनी पाठ आहे. घोडा किंवा गुरं आडवी आली तर तुम्हाला कडेकडेने दिसेल तेवढं सांगा.”

तिला नाही म्हणायचं होतं. उद्या जाते म्हणायचं होतं. पण तो पुढे निघालाही होता, आणि त्याच्यामागे न जाण्यासाठी लागणारी हिंमत तिच्यात उरली नव्हती. अडीच तासांची वाट त्यांनी चार तासांत काढली. एक आंधळा आणि एक आंधळी होत चाललेली, एकाने पडावं आणि दुसऱ्याने चाचपत हात द्यावा. नदीपाशी तो एकेका दगडावर आधी उभा राहायचा आणि मग हात मागे करायचा. वाटेत ते वाटेपुरतं बोलले. तिला सारखं वाटत होतं की तो आता विचारेल, आता विचारेल. त्याने विचारलं नाही, आणि त्यामुळेच तिची भीती वाढत गेली.

दवाखान्यात क्षयाच्या खोलीचं दार बंद करायचं नाही असा नियम. दार सताड, खिडक्या सताड, हवा खेळली पाहिजे. माखाउताने स्वतःच किती घरांत हा नियम भांडून पाळायला लावला होता. फाकिसो दाराबाहेरच्या बाकावर बसला. ती आत गेली आणि बाहेर ऐकू जाईल या भीतीने दार ओढायला लागली. दिमाकात्सो म्हणाली, “राहू द्या उघडं, म्मे. तुम्हीच असं करायला लागलात तर कसं?”

मग तिने सांगितलं. दिमाकात्सोने ठिपक्यांची पुस्तिका काढली, त्यातला आकडा वाचा म्हणाली. माखाउताला नुसती वाळू दिसली. भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळ्यात मोठी ओळही तिला वाचता आली नाही. नर्सने पुस्तिका मिटली. मग चारही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या परत घेतल्या, त्यांतलं ते एक वगळून बाकीची सुटी मोजून दिली, दुसरं एक नवं वाढवलं आणि क्षय वाढू देणार नाही असं सांगितलं. परवा दवाखान्याची गाडी मोठ्या इस्पितळात जाणार होती, डोळ्यांच्या डॉक्टरसाठी तिचं नाव गाडीच्या यादीत घातलं.

“येईल नजर?” माखाउताने विचारलं.

“लवकर थांबवलं तर बहुतेकांची येते. महिने लागतात. तुमचे नऊ दिवस गेलेत, त्यामुळे मी शब्द देत नाही.” दिमाकात्सोचा आवाज चढला. “तुम्ही नऊ दिवस थांबलातच कशा? दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, माहीत नव्हतं. तुम्हाला तर मी दोन वर्षांपूर्वी याच खोलीत शिकवलंय. धुकं म्हणाला की त्याच दिवशी, असं.”

“हो,” माखाउता म्हणाली. “शिकवलंय.”

बाहेर बाक करकरला.

परतीच्या वाटेला तो तिच्या पुढे पाच-सहा पावलं चालत होता. तिला फक्त त्याच्या ब्लँकेटच्या कडा दिसत होत्या. उतार संपला, पाण्याचा आवाज यायला लागला. नदीकाठी फाकिसो बसला, बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले. मग तसाच बसून राहिला.

“दोन वर्षांपूर्वी तुम्हाला कळलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मला सांगितलं नाहीत.”

“नाही.”

“मी तुम्हाला म्हणालो तेव्हा मला चार दिवस झाले होते. चारच.” त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “त्या दिवशी तुम्ही मला धाडलं असतंत, तर?”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. नर्सने नुकतंच तिच्या पदरात टाकलं होतं: शब्द कुणीच देऊ शकत नाही. खोटंही नव्हतं ते. वर खाणीची धूळ होती, दारू होती, म्हणायला गेलं तर पुष्कळ होतं. आणि समोर पाणी होतं, त्यातले दगड तिला दिसत नव्हते, आणि ज्याच्या हाताला धरून ती सकाळी पलीकडे गेली होती तो माणूस हेच विचारत होता.

“परत आले असते तुमचे डोळे,” माखाउता म्हणाली.

फाकिसो उठला, काठीने पाणी चाचपलं आणि एकटाच उतरला. हात मागे केला नाही. ती काठावर उभी राहून ऐकत होती. पहिला दगड, दुसरा, मग मधल्या धारेचा मोठा आवाज, त्यात त्याची चाहूल बुडून गेली. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने हाक मारायची?

मग पाण्यातून खट्ट असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा, त्याच जागेवरून. तो पुढच्या दगडावर उभा राहून काठी दगडावर आपटत होता. तिच्याकडे पाठ करून, काही न बोलता, आपटत होता. माखाउताने चपला काढल्या, स्कर्ट गुडघ्यांपर्यंत खोचला आणि गार पाण्यात पाऊल टाकलं, आवाज येत होता त्या बाजूला.